टायर एका बाजूने का झिजतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

टायरविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. बहुतेकांचा शेवट ‘मग कोणता टायर घेऊ?’ असा आहे. ते सांगणारच आहोत, पण आधी एक विनंती. दुकानात जुना टायर उतरवला की तो तिथल्या ढिगात जाऊ देऊ नका. उजेडात धरा, नक्षीवरून तळहात फिरवा, डावी-उजवी आणि मधली पट्टी ताडून बघा. गाडीत काय बिघडलंय ते त्या रबरावर उमटलेलं असतं. ते न बघता नवा टायर चढवला, तर तोही त्याच जागी झिजतो आणि पैसे दुसऱ्यांदा जातात.

प्रश्न : माझी क्लासिक ३५०, २०२२ची, १४ हजार किलोमीटर झाली. मागचा टायर उजव्या अंगाने जास्त झिजलाय, डावीकडे नक्षी चांगली आहे. रोज सातारा–मेढा आणि महिन्यातून दोनदा केळघर घाटाने महाबळेश्वर. मेकॅनिक म्हणतो चासी वाकली आहे. खरं असेल का? – वाचक, सातारा

उत्तर : चासीपर्यंत जायच्या आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे आपल्याकडे दुचाकीचा टायर उजव्या अंगाने थोडा जास्त झिजणं स्वाभाविक आहे. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. गाडी सरळ उभी धावत असली तरी खालचा डांबर डावीकडे उतरलेला असतो, म्हणून टायर टेकतो तो मधोमध न टेकता किंचित उजवीकडे. शिवाय उजवं वळण आपण बाहेरच्या बाजूने घेतो. तेच वळण डावीकडे वळणाऱ्याला आखूड पडतं, आपल्याला लांब. म्हणजे उजवीकडे कललेल्या अवस्थेत गाडी जास्त मीटर धावते. घाट रोजचा असेल तर हा फरक आणखी दिसतो. दोन्ही खांद्यांवर, म्हणजे नक्षीच्या डाव्या-उजव्या कडांवर, खाचेची खोली मोजा. फरक अर्धा-पाऊण मिलिमीटर असेल तर गाडी निर्दोष आहे असं समजा.

फरक दीड-दोन मिलिमीटर असेल तर पहिला संशय मागच्या चाकाच्या सरळपणाचा घ्यायचा. चेन ताणताना अ‍ॅक्सलची (चाकाच्या मधल्या दांड्याची) दोन्ही टोकं सारखी मागे गेली नाहीत की चाक तिरकं बसतं. चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांवरच्या) खुणा जुळवल्या म्हणजे काम झालं असं धरलं जातं, पण त्या खुणा कारखान्यातूनच नेमक्या असतील असं नाही. दोरा लावून बघणं जास्त खात्रीचं.

गाडी मेन स्टँडवर घ्या. न ताणणारा मजबूत दोरा मागच्या टायरच्या पाठीमागून फिरवा आणि दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या पुढे न्या. दोरा जमिनीपासून इतक्या उंचीवर हवा की स्टँड, सायलेन्सर कशालाही अडणार नाही. टोकं विटांना बांधा आणि विटा आतबाहेर सरकवत दोरा मागच्या टायरच्या मागच्या कडेला आणि पुढच्या कडेला, दोन्हीकडे जेमतेम शिवेल असा करा. आता हँडल असं धरा की पुढचं चाक दोऱ्यांना समांतर राहील. तुमच्या गाडीला पुढे १००/९०-१९ आणि मागे १२०/८०-१८ टायर येतो. पहिला आकडा रुंदीचा. मागचा २० मिलिमीटर जास्त रुंद, म्हणून पुढच्या टायरच्या प्रत्येक बाजूला दोऱ्यापर्यंत सुमारे १० मिलिमीटर फट दिसायला हवी. डावीकडे ४ आणि उजवीकडे १६ दिसली, तर मागच्या चाकाचं तोंड उजवीकडे वळलेलं आहे. नियम सोपा : ज्या बाजूला फट कमी, त्या बाजूचं अ‍ॅक्सलचं टोक थोडं मागे घ्यायचं, किंवा दुसऱ्या बाजूचं पुढे. एका वेळी अगदी थोडं हलवा आणि पुन्हा मोजा. शेवटी चेनची ढील मॅन्युअलप्रमाणे तपासा, कारण टोक हलवलं की तीही बदलते. अ‍ॅक्सलचा नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा.

फटी सारख्या झाल्या पण अ‍ॅक्सलच्या खुणांत दोन्हीकडे ठळक फरक उरला, तर चिमटा किंवा स्पेसर बघायला हवा. फटी सारख्या, चाकं समांतर, पण हँडल तिरकं दिसतंय, तर पुढचे शॉकअप त्यांच्या क्लॅम्पमध्ये पिळले गेलेत. गाडी एकदा आडवी पडली तरी एवढं होतं, आणि बोल्ट सैल करून सरळ करता येतं. स्पोकचं चाक असेल तर रिम हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मधोमध आहे का तेही बघा. स्पोक ओढताना रिम एका अंगाला सरकवली गेली की चाक डगमगत नाही, पण मधोमधही राहत नाही. चासी वाकल्याचा निर्णय हे सगळं निघून गेल्यावरच घ्यायचा, आणि गाडीला कधी समोरून धडक बसली नसेल तर ती शक्यता फारच कमी.

प्रश्न : शाइन १२५. पुढच्या टायरवर लाटा उठल्या आहेत, नक्षीचा एक ठोकळा उंच, पुढचा खोलगट. ४०–५०च्या वेगाला घूं घूं आवाज येतो. टायर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडावं का? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : आत्ताच भांडू नका. असा टायर फार क्वचित कारखान्यातला दोष घेऊन येतो. हात फिरवून बघा : चाक फिरतं त्या दिशेने तळहात नेला तर गुळगुळीत लागतं आणि उलट नेला तर करवतीसारखं टोचतं, की दोन्हीकडून नुसते खड्डे लागतात?

फक्त करवत असेल तर ती ब्रेकची झीज आहे. पुढचा ब्रेक लागताना प्रत्येक ठोकळा मुडपतो आणि त्याची एकच कड घासते. हवा कमी असली की मुडपणं वाढतं. थोडीफार करवत प्रत्येक पुढच्या टायरवर असते, त्याने बिचकू नका.

ठरावीक अंतरावर खड्डे असतील तर चाक रस्त्यावर सतत टेकत नाही, उड्या मारतं. जिथे आपटतं तिथे घासतं, मग त्याच जागा आणखी खोल जातात. तपासायचं ते या क्रमाने. मेन स्टँडवर, मागे कोणाला तरी वजन देऊन बसवा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी होईल. दोन्ही शॉकअप खालून धरून पुढे-मागे हलवा. ‘खट्’ असं हाताला जाणवलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं तो वाट्या-गोळ्यांचा संच) सैल आहे. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकाला अगदी हळू न्या. मध्यावर, म्हणजे सरळ दिशेला, चाक खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर वाट्यांमध्ये गोळ्यांचे खळगे पडलेत. तो कोनसेट आवळून उपयोग नाही, वाट्या आणि गोळ्या पूर्ण संच बदलायचा. खळगे पडलेला कोनसेट नुसता आवळला की गाडी सरळ जात नाही, डुलते. त्यानंतर चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवा. खेळ असेल तर बेअरिंग गेलं. चाक फिरवून रिमजवळ खडू धरा, रिम आऊट असेल तर लगेच कळेल.

हे सगळं ठीक निघालं तर दोष शॉकअपचा. पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात दाबा आणि सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. दोन-तीनदा डोलली, तर आतलं तेल पातळ झालंय किंवा गळून कमी झालंय. सीलभोवती तेलाचा ओला पट्टा दिसला तर सील आणि तेल एकदमच करा. शॉकअपच्या दोन्ही पायांत तेल मॅन्युअलच्या ग्रेडचं आणि मिलिलिटरमध्ये मोजून घालायला लावा. अंदाजाने ओतलं, एका पायात जास्त आणि दुसऱ्यात कमी पडलं, तर नव्या टायरवर काही महिन्यांत त्याच लाटा दिसतील.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : दोष दुरुस्त केला तरी या टायरचा आवाज जाणार नाही. उठलेल्या लाटा परत सपाट होत नाहीत. म्हणून पैसे एकदम नसतील तर आधी कोनसेट आणि शॉकअप करा, टायर नंतर. उलट क्रम करू नका. आणि कोणी सुचवलं तरी बाणाची खूण असलेला टायर उलटा फिरवून बसवू नका.

प्रश्न : पंपावर दोन्ही टायरमध्ये ३५ हवा भरतात. मागचा टायर मधून सपाट पट्टीसारखा झाला, कडेची नक्षी नवी दिसते. – वाचक, श्रीरामपूर

उत्तर : पत्रात गाडीचं नाव नाही, पण १००–१२५ सीसीच्या गाड्यांना पुढे साधारण २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतात. तिथे ३५ म्हणजे फार जास्त. टायर फुगून मधोमध टेकतो, जमिनीला लागणारा पट्टा अरुंद होतो, आणि खडीवर ब्रेक लावला की चाक सरकतं. सरळ हमरस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधून थोडा सपाट होतोच, पण जादा हवेने ते फार लवकर होतं. मागच्या टायरचा आकडा एकट्यासाठी वेगळा आणि डबलसीटसाठी वेगळा असतो. चेनकव्हरवर किंवा चिमट्यावर चिकटवलेला कागद बघा. आकडा किलोत असेल तर १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय.

हवा मोजायची ती गाडी निदान ३ तास उभी राहिल्यावर, सकाळी. धावून गरम झालेल्या टायरमध्ये ३–४ पीएसआय जास्त दिसतात, म्हणून तेव्हा सोडून ‘बरोबर’ केली की थंड झाल्यावर कमी पडते. पेनासारखा साधा गेज घरी ठेवा.

मधून सपाट झालेल्या टायरवर गाडी वळणात एका क्षणी सपाटीची धार ओलांडून पटकन आत पडते. हे जाणवायला लागलं असेल, तर नक्षी शिल्लक असली तरी टायर बदलायची वेळ झाली.

प्रश्न : स्प्लेंडरवर ४० लिटरच्या दोन किटल्या घेऊन दुधाचा रतीब घालतो. मागचा टायर सहा-सात महिन्यांत जातो, तोही डाव्या बाजूने. ‘साइझ एकच आहे’ म्हणून दुकानदाराने मागच्या वेळी पुढचा टायर मागे बसवला. – वाचक, फलटण

उत्तर : शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या गाडीला पुढे-मागे ८०/१००-१८ हाच साइझ येतो, पण टायर एकच नाही. साइझनंतर लिहिलेला आकडा वाचा. पुढच्यावर ४७पी असतं, मागच्यावर ५४पी. ‘पी’ म्हणजे १५० किलोमीटरचा वेग, तो दोन्हीला सारखा. पण ४७ म्हणजे १७५ किलो वजन आणि ५४ म्हणजे २१२ किलो.

आता हिशोब करा. ४० लिटर दूध ४१ किलो भरतं. किटलीसह दोन मिळून ९० किलोच्या पुढे, आणि हे जवळजवळ सगळं मागच्या चाकावर. गाडी सुमारे ११२ किलोची, त्यातला अर्धा भार मागे धरा, ५६ किलो. तुमच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग, सुमारे ४५ किलो. एकूण १९० किलोच्या पुढे. ५४चा टायर हे जेमतेम पेलतो, तेही हवा पूर्ण असेल तरच. ४७चा टायर १५–२० किलो जादा भाराने रोज धावतोय. त्याच्या बाजू सतत मुडपून गरम होतात, आतले धागे थकतात आणि एक दिवस बाजूला फुगा येतो. तो टायर बदला, नक्षी उरली असली तरी.

डाव्या बाजूच्या झिजेचं कारण बहुधा किटल्यांत आहे. रतीब घालताना आधी एकच किटली रिकामी करता का? डावीकडची संपली आणि उजवीकडे ४१ किलो दूध राहिलं, की गाडी तोलासाठी तुम्ही नकळत डावीकडे कलती ठेवता. मग पुढचे सगळे किलोमीटर टायरचा डावा खांदा घासतो. दोन्ही किटल्यांतून आलटूनपालटून दूध काढा. ते जमत नसेल तर जी किटली आधी संपते ती एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे लावा.

पुढच्या वेळी सहा प्लाय रेटिंगचा (भार पेलण्याच्या ताकदीचा दर्जा), जास्त भाराचा टायर याच साइझमध्ये मिळतो का ते विचारा, आणि ट्यूबही नवी घ्या. जुनी ट्यूब ताणलेली असते. नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि घडीवरच ती फुटते. चिमट्याचे बुश आणि मागचे दोन्ही शॉकअपही बघून घ्या. एवढ्या भाराखाली ते टायरच्या बरोबरीने झिजतात.

प्रश्न : पल्सर १५० सिंगल डिस्क. मागे १००/९०-१७ आहे, १२०/८०-१७ बसवायचाय. ग्रिप वाढेल ना? – वाचक, नाशिक

उत्तर : वाढेल असं नाही. रिमवर कोरलेली रुंदी आधी वाचा. १२० रुंदीच्या टायरला साधारण २.५० ते ३ इंच रुंदीची रिम लागते. अरुंद रिमवर तो चढवला की दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि माथा टोकदार होतो. दिसायला रुंद, पण सरळ चालताना जमिनीला टेकते ती मधली चिंचोळी पट्टी, आणि तीच आधी झिजते. आकारही वाढतो : १००/९०-१७ चा व्यास सुमारे ६१२ मिलिमीटर, १२०/८०-१७ चा ६२४. म्हणजे टायर सगळीकडून ६ मिलिमीटर वर आणि १० मिलिमीटर बाजूला येतो. चेन आणि मडगार्डला घासतो का ते डबलसीट बसवून, शॉकअप पूर्ण दाबून बघावं लागेल. ट्विन डिस्कच्या (दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेल्या) गाडीला हाच टायर कंपनीतून येतो म्हणून तुमच्याही गाडीला चालेल, असं होत नाही.

ग्रिप हवी असेल तर त्याच साइझमध्ये मऊ रबराचा टायर घ्या. तो लवकर झिजेल हे मान्य करून घ्या. मऊ आणि टिकाऊ दोन्ही एकाच टायरमध्ये पूर्ण मिळत नाही. मागे मऊ आणि पुढे कंपनीचा कडक, झिजलेला अशी जोडीही ठेवू नका. ब्रेक मुख्यतः पुढच्या टायरवर लागतो, खर्च आधी तिथे करा.

प्रश्न : नक्षी दीड मिलिमीटर उरली आहे. पावसाळा काढता येईल का? आणि दुकानात दोन वर्षांपूर्वीचा टायर सवलतीत मिळतोय, घ्यावा का? स्पोकची रिम आहे, ट्यूबलेस बसेल का? – वाचक, रत्नागिरी

उत्तर : कायद्याने दुचाकीला ०.८ मिलिमीटर नक्षी चालते. टायरच्या बाजूवर छोटा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा सापडेल, नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर संपला. पण कोकणातल्या पावसात, ओल्या जांभ्याच्या मातीवर, दीड मिलिमीटरवर चार महिने काढू नका. बदलायचा तर मे महिन्यातच बदला. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि पहिले १५०–२०० किलोमीटर तो नीट धरत नाही. ते किलोमीटर कोरड्या रस्त्यावर, हळूहळू गाडी कलवत व्हायला हवेत. पहिल्या सरीत नवा टायर घेऊन घाटात उतरणं धोक्याचं आहे.

स्पोकच्या साध्या रिममध्ये स्पोकच्या भोकांतून हवा जाते, म्हणून ट्यूबलेस टायर घेतला तरी आत ट्यूब घालावीच लागेल. मग पंक्चर झालं की हवा ट्यूबसारखीच झटकन जाणार. त्यासाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

दोन वर्षांचा टायर सावलीत, उभा ठेवलेला असेल तर घ्यायला हरकत नाही. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात : २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. ते आकडे एकाच बाजूला असू शकतात, टायर उलटून बघा. मग अंगठ्याने नक्षी उघडून खाचेच्या तळाशी बारीक भेगा आहेत का ते पाहा. दुकानाबाहेर उन्हात टांगलेला टायर वर्षाचाही घेऊ नका. आयएसआय चिन्हाशेजारी आयएस १५६२७ हा क्रमांक असतो, तोही बघून घ्या. रिसोल केलेला (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) टायर दुचाकीला नकोच.

बसवताना समोर उभे राहा. बाण फिरण्याच्या दिशेने हवा. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ यायला हवा, कारण टायरची ती जागा सगळ्यात हलकी असते. कडेला साबणाचं पाणी लावू द्या, इंजिन ऑइल नको. हवा भरल्यावर रिमलगतची बारीक रेष चाकाभर सारख्या अंतरावर दिसते का ते फिरवून पाहा. कुठे आत गेलेली दिसली तर टायर तिथे बसलेला नाही. हवा सोडून पुन्हा बसवायला सांगा. आणि निघण्याआधी ब्रेकचा पेडल दाबून बघा, मागचं चाक काढताना ब्रेकचा रॉड सुटलेला असतो.